विमानाचे मोल

अमरावती-अकोल्याचा पारा पंचेचाळीस अंशांकडे सरकू लागला की वऱ्हाडातील व्यापारी कुटुंबांना चिखलदऱ्याची आठवण होते. गाविलगडच्या डोंगरात १,११८ मीटर उंचीवर वसलेले हे गाव. भीमाने कीचकाला मारून येथील दरीत लोटले म्हणून कीचकदरा, आणि त्याचे पुढे चिखलदरा झाले, अशी लोककथा आहे. इंग्रजी दप्तरांत मात्र १८२३ साली हैदराबाद फौजेतील कॅप्टन रॉबिन्सनने हे ठिकाण ‘शोधले’ अशी नोंद सापडते; जणू पिढ्यान्‌पिढ्या तेथे राहणाऱ्या कोरकूंना आपण कोठे राहतो हे ठाऊकच नव्हते! परतवाड्याहून घाट चढण्यापूर्वी मुक्तागिरीच्या बावन्न मंदिरांचे दर्शन घ्यावे आणि मग चार दिवस वर थंडाव्यात काढावेत, हा अनेक जैन घरांचा परिपाठ. ज्यांना जमले त्यांनी वर लहानमोठे घरही केले. वर्षातील बहुतेक महिने असे घर कुलूपबंद असते, आणि शहरातील घरात जे मावत नाही पण टाकवतही नाही, ते सारे हळूहळू तिकडे जाऊन पडते.

अशाच एका घराची कल्पना करावी. वडील निवर्तल्यानंतर घर विकण्याचे ठरते. दोघे भाऊ, थोरला अमरावतीचा सराफ आणि धाकटा अकोल्याचा कापसाचा अडत्या, आवराआवर करण्यास वर जातात. माळ्यावरून एक पुठ्ठ्याची पेटी निघते. तीत वीतभर लांबीचे पांढरे धातूचे यान असते. पुढे बशीसारखी मोठी चकती, मागे दोन लांब नळ्या. सत्तरच्या दशकात विलायतेहून आलेल्या कोणा नातलगाने आणलेले. तळाशी ‘डिंकी टॉइज’ आणि ‘मेड इन इंग्लंड’ ही अक्षरे. धाकट्याचा मुलगा मोबाइलवर शोध घेतो आणि असे यान पाच लाख डॉलरच्या वर गेल्याची बातमी वाचून दाखवतो.

“दादा, हे भंगारात घालू नका. घराएवढी किंमत आहे म्हणे याची.”

“अरे, पावभर जस्त आहे ते. भंगारवाला पन्नास रुपये देईल.”

दोघांपैकी खोटे कोणीच बोलत नाही, पण गणित दोघांचेही चुकलेले आहे. वाटणीच्या वेळी चुकलेले गणित वस्तूपेक्षा फार महाग पडते. एकाच्या मनात ‘दादाने लाखांची वस्तू भंगारात घातली’ असे राहते, दुसऱ्याच्या मनात ‘पन्नास रुपयांच्या खेळण्यासाठी याने शब्द वाढवला’ असे राहते, आणि पर्युषणाच्या क्षमापनेलाही ते पुरते धुतले जात नाही. म्हणून अशा वस्तूचे मोल कसे करावे, हे नीट पाहणे आवश्यक ठरते.

हे यान म्हणजे ‘स्टार ट्रेक’ या अमेरिकन विज्ञानमालिकेतील ‘एंटरप्राइज’. जीन रॉडनबेरी यांची ही मालिका ८ सप्टेंबर १९६६ रोजी दूरचित्रवाणीवर सुरू झाली आणि तीन हंगामांत ७९ भाग होऊन १९६९ साली बंद पडली. खरी लोकप्रियता तिला पुनःप्रक्षेपणांतून मिळाली. १९८०च्या दशकात दूरदर्शननेही ती दाखवली. आज पन्नाशी ओलांडलेल्या अनेकांना ती आठवत असेल. त्यांच्या मुलांच्या पिढीला १९९८ साली केतन मेहता यांचा ‘कॅप्टन व्योम’ मिळाला. ‘एंटरप्राइज’ची आकृती मॅट जेफरीज यांनी रेखाटली आणि ती इतकी ठसठशीत आहे की मालिकेचा एकही भाग न पाहिलेला माणूसही ती ओळखतो.

आकाशातून जाणारी वाहने जैन मनाला नवी नाहीत. विमलसूरींच्या ‘पउमचरिय’पासून विद्याधरांची विमाने आपल्या कथांतून फिरत आली आहेत, आणि वैमानिक देव हे नावच विमानावरून पडलेले आहे. अजमेरला सेठ मूलचंद सोनी यांनी बांधविलेल्या सोनीजी की नसियाँ या मंदिराच्या मागील दालनात सोनेरी अयोध्यानगरी उभी आहे. जयपूरच्या कारागिरांनी ती घडविण्यास सुमारे पंचवीस वर्षे घेतली आणि १८९५ साली ती पुरी झाली. त्या नगरीवर छतापासून टांगलेली सोनेरी विमाने तरंगतात. कोणी हंसाच्या आकाराचे, कोणी हत्तीच्या. काचेपलीकडून ती पाहणारा सराफदेखील तेथे तोळ्यांचा हिशेब मनात आणत नाही. ते देवद्रव्य आहे. विकावयाचे नाही, म्हणून त्याला भावही नाही. माळ्यावरील यान मात्र बाजारातून आले आणि बाजारात परत जाऊ शकते. त्याला भाव असतो, आणि भाव असला की तो काढण्याची रीतही असावी लागते.

ही विद्या जैनांना परकी नाही. दिल्लीला अलाउद्दीन खिलजीच्या दरबारी खजिन्याशी आणि पुढे टांकसाळीशी संबंध असलेले ठक्कुर फेरू हे श्रीमाळ जैन श्रावक होते. त्यांनी १३१५ साली ‘रत्नपरीक्षा’ लिहिली आणि १३१८ साली ‘द्रव्यपरीक्षा’. दुसऱ्या ग्रंथात सुमारे २६० प्रकारच्या नाण्यांची धातू, वजन आणि मोल यांसह नोंद आहे. आपल्या भावाला आणि मुलाला हा व्यवसाय कळावा म्हणून तो लिहिला गेला, ही गोष्ट व्यापारी घरांनी विशेष ध्यानात घेण्याजोगी आहे. हे ग्रंथ शतकानुशतके विस्मृतीत होते. १९४६ साली अगरचंद आणि भंवरलाल नाहटा यांना कलकत्त्याच्या एका जैन ग्रंथभांडारात त्यांची हस्तलिखित प्रत आढळली. रत्नशास्त्राची परंपरा अशी की आधी जात पाहावी, मग उगम, मग रंग आणि दोष, मग तोल. भावाचा उच्चार सर्वांत शेवटी. आजचा मोबाइल हा क्रम नेमका उलटा करतो. तो भाव आधी सांगतो आणि जात विचारीतच नाही.

जात विचारली की अर्धा गोंधळ मिटतो. ‘एंटरप्राइज’ या एकाच नावाखाली तीन निरनिराळी कुळे नांदतात. चित्रीकरणात कॅमेऱ्यासमोर प्रत्यक्ष वापरलेले नमुने हे पहिले. ते हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. त्याच काळी मुलांसाठी कारखान्यातून निघालेली खेळणी हे दुसरे. आणि मोठ्या माणसांनी कपाटात ठेवावे एवढ्याच हेतूने अलीकडे काढलेल्या संग्राह्य प्रती हे तिसरे. वर्तमानपत्रांतील डोळे दिपविणारे आकडे जवळजवळ नेहमी पहिल्या कुळाचे असतात. मुलाने वाचून दाखविलेली बातमी ऑक्टोबर २००६ची आहे. न्यूयॉर्कला क्रिस्टीज या लिलावगृहाने स्टार ट्रेकच्या वस्तूंचा मोठा लिलाव केला. त्यात पुढील मालिकेतील ‘एंटरप्राइज-डी’चा चित्रीकरणाचा नमुना होता. जाणकारांनी त्याचा अंदाज २५ ते ३५ हजार डॉलर वर्तविला होता. बोली ५ लाखांवर थांबली, तीवर लिलावगृहाची दलाली ७६ हजार, आणि बातमीत आकडा आला ५,७६,००० डॉलर. दलाली गिऱ्हाइकाच्या माथी आणि विकणाऱ्याकडूनही वेगळी कपात, हे अडतीच्या धंद्यातील माणसाला समजावून सांगावे लागत नाही. परंतु बातमी वाचताना हाच माणूस ते विसरतो.

याहून मोठा आकडा ऑक्टोबर २०२३चा. ‘स्टार वॉर्स’च्या पहिल्या चित्रपटातील ‘एक्स-विंग’ या लढाऊ यानाचा नमुना डॅलसच्या हेरिटेज ऑक्शन्सने ३१,३५,००० डॉलरला विकला. तो ग्रेग जीन या ख्यातनाम प्रतिकृतिकाराच्या संग्रहातील. त्यांच्या मृत्यूनंतर आवराआवर करताना गॅरेजमधील एका पुठ्ठ्याच्या खोक्यात तो मिळाला. या तपशिलाने जगभरच्या माळ्यांवर मोठी उलथापालथ झाली असेल. पण तो खोका होता हॉलिवूडसाठी आयुष्यभर नमुने घडविणाऱ्या माणसाच्या घरचा. खोका पुठ्ठ्याचा असणे हा काही पुरावा नव्हे.

चिखलदऱ्याच्या माळ्यावरील यान दुसऱ्या कुळातले. लिव्हरपूलच्या बिन्स रोडवर मेकॅनो कंपनीचा कारखाना होता. डिंकी टॉइज ही तिचीच मुद्रा. १९७६च्या सुमारास तिने ३५८ क्रमांकाखाली हे ‘एंटरप्राइज’ बाजारात आणले. बशीतून प्लास्टिकच्या बारीक चकत्या उडत आणि पोटात एक चिमुकले उपयान बसे. नोव्हेंबर १९७९ मध्ये तो कारखानाच बंद पडला. कारखाना बंद पडला म्हणून वस्तू दुर्मीळ होते, असे सहज वाटते, तसे नसते. बंद पडण्यापूर्वी ती हजारोंनी विकली गेलेली असते, आणि तीतली बरीच अजून कोणाच्या ना कोणाच्या कपाटात शाबूत असते.

थोरल्या भावाचे ‘पन्नास रुपये’ येथे कोठे चुकतात? सराफाच्या हिशेबात दागिना म्हणजे मुख्यतः धातू. घडणावळ घेताना मोजली जाते, मोड देताना ती वजा होते, आणि उरलेले सोने त्या दिवशीच्या भावाने पक्के असते. या यानाचे अगदी उलट आहे. मोडीत त्याची किंमत शून्याजवळ; जे काही मोल आहे ते सगळे घडणावळीचे आणि आठवणीचे. म्हणून यात एक भीती कायमची राहते. सोने कोणालाही चालते, हे मात्र ज्याला हवे त्यालाच चालते. ज्या पिढीने ती मालिका लहानपणी पाहिली ती पिढी सरली की गिऱ्हाईक पातळ होणार. जुन्या टपाल तिकिटांच्या संग्राहकांना याचा अनुभव आज येतोच आहे.

जात आणि उगम ठरला की दोष पाहावेत. सराफी दुकानात डबीला किंमत नसते. येथे मूळ खोका असला तर तो कधीकधी यानाइतकाच भाव आणतो, कारण मुलांनी पहिल्याच दिवशी तो फाडून टाकलेला असतो. उडणाऱ्या चकत्या पलंगाखाली हरवलेल्या असतात. पोटातील उपयान जागेवर असले तर ती मोठीच गोष्ट. चिकटवलेली अक्षरे उचकटली आहेत का, नळ्या वाकल्या वा मोडून पुन्हा जोडल्या आहेत का, हे भिंगाखाली पाहावे. आणि सर्वांत महत्त्वाचे, रंग मूळचा आहे का. सुशोभनाच्या हौसेने या बाबतीत जेवढे नुकसान केले आहे तेवढे मुलांच्या आपटण्यानेही केले नसेल.

या मुद्द्यावर वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संस्थेतील अनुभव बोलका आहे. चित्रीकरणासाठी केलेला ‘एंटरप्राइज’चा अकरा फुटी नमुना, लाकूड, पत्रा आणि प्लास्टिक यांचा, १९७४ साली पॅरामाउंट कंपनीने या संस्थेस दिला. त्यानंतर त्याची अनेकदा डागडुजी झाली. १९९०च्या दशकाच्या आरंभी झालेल्या दुरुस्तीत पृष्ठभागावर अशा ठळक रेघा रंगविल्या गेल्या की मालिकेच्या चाहत्यांनी वर्षानुवर्षे नापसंती दर्शविली. अखेर २०१४ पासून संग्रहालयाच्या तज्ज्ञांनी तो पुन्हा हाती घेतला. जुनी छायाचित्रे असतील तर पाठवावीत असे लोकांना आवाहन केले, थराथराने रंग तपासला, आणि २०१६ साली तो मुख्य दालनात मांडला. बशीच्या वरच्या भागावर १९६०च्या दशकातील मूळ रंग शिल्लक होता. तेवढ्या भागाला त्यांनी नवा रंग लावला नाही, आणि बाकीचा भाग त्याच्याशी जुळवून घेतला. मळकट पण मूळचा, हा त्यांचा निवाडा. घरगुती यानालाही तोच लागू आहे. मऊ कोरड्या कुंचल्याने धूळ झाडावी, एवढेच. साबणाचे पाणी नको, आणि उरलेल्या ऑइलपेंटचा हात तर मुळीच नको.

आता चिखलदरा. पावसाळ्यात येथे धुके दाराखिडक्यांतून घरात शिरते आणि बंद खोलीत आठवडेच्या आठवडे ओल राहते. जस्ताच्या ओतीव मिश्रधातूत शिशासारखी भेसळ राहिली असेल तर ओलीने तो आतून फुगतो, भेगाळतो आणि शेवटी चुरा होतो. दुसऱ्या महायुद्धापूर्वीच्या डिंकी खेळण्यांना हा रोग फार. सत्तरच्या दशकातील मालाला क्वचित, तरी सांध्यांजवळ बारीक भेगा आहेत का ते पाहून ठेवावे. पुठ्ठ्याला बुरशी धरते आणि कसर लागते. पेटीत ठेवलेला फोम काही दशकांत चिकट होऊन रंगाला बिलगतो. दिव्यांच्या नव्या प्रतींत विसरून राहिलेली बॅटरी पाझरली की आतील तारा खाऊन टाकते. डांबरगोळ्या ठेवण्याची सवय घरोघर आहे. त्यांची वाफ काही प्लास्टिकांना मऊ पाडते, म्हणून त्या येथे नकोत. मग यान अकोल्याच्या पत्र्याखालील माळ्यावर न्यावे काय? तेही नाही. तेथील उन्हाळ्यात प्लास्टिक वाकते आणि चिकटवलेली अक्षरे सुटतात.

कीटक न मारता वस्तू टिकविण्याची कला आपल्या ग्रंथभांडारांनी कधीच साधलेली आहे. पोथी दोन फळ्यांत बांधून कापडी बासनात गुंडाळायची, कोरड्या पेटीत ठेवायची आणि नेमाने बाहेर काढून झाडायची. दिगंबरांची श्रुतपंचमी ज्येष्ठ शुद्ध पंचमीला, म्हणजे पावसाच्या तोंडावर येते. श्वेतांबरांची ज्ञानपंचमी कार्तिक शुद्ध पंचमीला, म्हणजे पाऊस ओसरल्यावर. पोथ्यांना हवा देण्यास याहून योग्य दोन दिवस वऱ्हाडच्या हवामानात शोधून सापडणार नाहीत. खेळण्याची पोथीशी बरोबरी करण्याचा येथे हेतू नाही. पण सुती कापड, कोरडे कपाट, ओल शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्या आणि वर्षातून दोनदा पाहणी, एवढ्यावर दोन्ही टिकतात.

दोष पाहून झाले की कुळकथा. पोथीच्या शेवटी प्रशस्ती असते: कोणी लिहविली, कोणी लिहिली, कोणत्या गावी, कोणत्या संवतात, कोणाला दान दिली. मूर्तीच्या आसनावर लेख असतो. अमरावतीच्या किंग एडवर्ड कॉलेजात संस्कृत शिकविणारे डॉ. हिरालाल जैन यांनी कारंज्याच्या भांडारांतील अपभ्रंश ग्रंथ संपादून प्रकाशात आणले आणि १९३९ पासून अमरावतीहूनच षट्खंडागम धवला टीकेसह प्रसिद्ध करण्याचे प्रचंड काम आरंभिले; अशा संशोधनाला प्रशस्ती हा केवढा आधार असतो, हे ते ग्रंथ चाळणाऱ्यास कळते. संग्राह्य वस्तूंच्या बाजारात हीच गोष्ट सर्वांत मोलाची मानतात. वस्तू कोणाकडून कोणाकडे आली याची अखंड साखळी नसेल तर पहिल्या कुळातील नमुनासुद्धा संशयात सापडतो.

तसे एकदा झालेही. ‘एंटरप्राइज’चा सर्वांत पहिला, सुमारे तीन फुटी नमुना रॉडनबेरी यांच्या मेजावर असे. १९७०च्या दशकाच्या अखेरीस तो कोणास तरी उसना दिला गेला आणि परत आलाच नाही. पंचेचाळीस वर्षांनंतर, २०२३च्या शरदात, एक जुने यान इंटरनेटवरील लिलावात १,००० डॉलरच्या प्रारंभिक बोलीने दिसू लागले. जाणकारांनी ते ओळखताच विक्री मागे घेतली गेली. यान एका भाड्याच्या कोठारात मिळालेले होते. हेरिटेज ऑक्शन्सने तज्ज्ञांकडून खातरजमा करवून घेतली आणि एप्रिल २०२४ मध्ये ते रॉडनबेरी यांच्या मुलाच्या स्वाधीन केले. बाजारात आले असते तर त्याला केवढा भाव आला असता, याचा अंदाज वरील दोन लिलावांवरून करता येईल. परंतु ज्याचे होते त्याच्या घरी ते गेले, आणि भावाचा प्रश्नच उरला नाही.

तत्त्वार्थसूत्रात अचौर्याणुव्रताचे पाच अतिचार सांगितले आहेत. त्यांतील तदाहृतादान म्हणजे चोरून आणलेली वस्तू घेणे, मग ती स्वस्तात मिळाली आणि आपण चोरी केली नाही असे मनाचे समाधान असले तरी. कारखान्यातील खेळण्याच्या बाबतीत हा प्रश्न सहसा उठत नाही. तथापि एखाद्या परदेशी विक्रेत्याकडून ‘चित्रीकरणात वापरलेला’ म्हणून तुकडा घेऊ पाहणाऱ्या तरुणाने तो आधी हा प्रश्न विचारावा. दुसरा अतिचार प्रतिरूपकव्यवहार, म्हणजे खऱ्याच्या जागी नकली देणे. याचा मोह येथे पावलोपावली आहे. डिंकीच्या खोक्यांच्या हुबेहूब नव्या प्रती मिळतात, हरवलेल्या चकत्या मिळतात, अक्षरे मिळतात; घरच्या घरी त्रिमिती छपाईने सुटे भागही काढता येतात. विकणारे बहुधा त्या नव्या आहेत असे सांगूनच विकतात आणि त्यात काही गैर नाही. पुढच्या हाताने ते सांगण्याचे टाळले की अतिचार सुरू झाला. खोका नवा असल्याचे चिठीवर लिहिल्याने काही रुपये कमी येतील, ते येऊ द्यावेत.

मात्र प्रत्येक निराळे नाव नकली नसते. डिंकीचे जुने साचे भारतात आले आणि कलकत्त्यास ‘निकी टॉइज’ या नावाने मोटारी निघाल्या. तळावरील डिंकी हे नाव बदलून निकी केलेले असे. अनेक घरांत अशा मोटारी अजून असतील. त्या नकली म्हणून फेकू नयेत, आणि इंग्लंडच्या म्हणून विकूही नयेत.

आता भाव. कापसाच्या अडत्याला हे अधिक लवकर उमगेल. जुना पारखी बोंडातून चिमूटभर रुई घेऊन दोन्ही हातांनी धागा ओढून लांबी सांगे, आणि तरीही सौदा उघड्या बाजारातच होई. कारंज्याला १८८६ साली कापसाचा नियंत्रित बाजार सुरू झाला, देशातील पहिला. तोलात, कटतीत आणि भावात शेतकऱ्याची लूट होऊ नये एवढ्यासाठी. यानांना असा बाजार नाही. इंटरनेटवर जो आकडा दिसतो तो विकणाऱ्याची मागणी असते, सौदा नव्हे. एखाद्याने लाख रुपये मागितले आणि वर्षभर कोणी घेतले नाही, तर ती त्याची इच्छा झाली. पाहावयाचे ते झालेले सौदे, तेही त्याच क्रमांकाच्या आणि त्याच स्थितीतील यानांचे, आणि एक नव्हे, पाचदहा. त्या हिशेबाने खोक्यासह नीट राहिलेले डिंकीचे ३५८ काही हजार रुपयांच्या घरात जाते. खोका व चकत्या नसल्या तर त्याहून बरेच खाली. त्यातून परदेशी टपालखर्च आणि विक्रीस्थळाची दलाली वजा करावी. लाखांची गोष्ट तेथेच संपते.

ज्यांना अशा वस्तूंत पैसा गुंतवावासा वाटतो त्यांनी लेगोच्या ‘मिलेनियम फाल्कन’ची हकीकत पाहावी. २००७ साली पाच हजारांहून अधिक तुकड्यांचा हा संच ५०० डॉलरला निघाला. पुढे तो बंद झाला आणि न उघडलेल्या खोक्याला हजारो डॉलर येऊ लागले. २०१७ साली कंपनीने ७,५४१ तुकड्यांचा नवा, अधिक देखणा संच ८०० डॉलरला काढला, आणि जुन्याचे भाव खाली आले. सोन्याची खाण असा नवा माल एका रात्रीत बाजारात ओतू शकत नाही. कारखाना ओतू शकतो. तिसऱ्या कुळाचे आणखी एक उदाहरण म्हणजे ईगलमॉस ही ब्रिटिश कंपनी. २०१३ पासून ती स्टार ट्रेकची यानेच याने, प्रत्येकासोबत एक माहितीपुस्तिका, अशी वर्गणीदारांना पाठवीत होती. संग्रह शेकड्याच्या पुढे गेला. २०२२ साली कंपनीच बुडाली. काही यानांचे भाव त्यामुळे चढले, बाकीची ढिगाने स्वस्तात निघाली, आणि कोणते कोणत्या बाजूला जाईल हे वर्गणी भरताना कोणालाच ठाऊक नव्हते. आपल्याकडे आणविण्याचा खर्चही धरावा लागतो. खेळण्यांवरील आयातशुल्क २०२० साली २० वरून ६० टक्के झाले आणि २०२३ साली ७० टक्के.

वाटणीच्या प्रसंगी म्हणून एक साधी रीत बरी. भाव काढण्यापूर्वी वर्णन लिहावे, आणि दोघांनी त्याखाली सही करावी: डिंकी क्रमांक ३५८, खोका नाही, चकत्या नाहीत, उपयान आहे, रंग मूळचा, डाव्या नळीवर चरा, अमुक साली अमुक नातलगाने आणल्याचे आईकडून समजले. वर्णनावर एकमत झाले की भावावर सहसा वाद होत नाही. वाद होतो तो एक जण मनात खोक्यासह असलेले यान धरतो आणि दुसरा भंगार धरतो म्हणून. त्यानंतर एकाने किंमत सांगावी आणि दुसऱ्याने ठरवावे की त्या किमतीला घ्यायचे की द्यायचे. किंमत सांगणारा मग आपोआप सरळ सांगतो. आईचे म्हणणे आधी विचारून घ्यावे, हे वेगळे सांगण्याची गरज नसावी. पुष्कळदा ते यान कोणाचे, हे तिला पक्के ठाऊक असते.

परिग्रहपरिमाण व्रत घेतलेल्या श्रावकापुढे याशिवाय एक बारीक प्रश्न उभा राहतो. क्षेत्र, वास्तू, हिरण्य, सुवर्ण अशी बाह्य परिग्रहाची जी दहा नावे सांगितली आहेत, त्यांत हे बसवावे कोठे? सोन्यारुप्याखेरीजच्या धातूंची घरातील वस्तू म्हणून कुप्य हेच नाव त्यातल्या त्यात जवळचे. पण मर्यादा रुपयांत धरली असेल तर खरेदीचा भाव मोजावा की आजचा? आजचा मोजला तर दूर कोठे तरी झालेल्या एका लिलावाने व्रताची रेघ ओलांडली जाईल, आणि भाव उतरला की आणखी चार याने घेण्यास जागा होईल. खरेदीचा मोजला तर भेट म्हणून आलेल्या वस्तूला आकडाच नाही. त्यापेक्षा नग धरणे सोपे. इतके नग, एवढे कपाट. नवे आले तर जुने एखाद्या नातवाला, पुतण्याला वा शेजारच्या मुलाला द्यावयाचे, आणि देताना त्याच्या खोक्यात वर्णनाची चिठी ठेवावयाची.